वेस्ट कोस्टला पहिल्यांदाच निघालात?

न्यूझीलंडचा हा किनारा नकाशावर सरळसोट दिसतो, त्यावर जाऊ नका. होकिटिका ते हास्ट एका दिवसात उरकायचा हट्ट सोडा. वाटेतल्या फॉक्स ग्लेशियर गावात टाकी फुल करा. पुढे हास्टपर्यंत सुमारे 120 किलोमीटर पंप नाही आणि रेंजचाही भरवसा नाही.

होकिटिकाच्या थोडं पुढे असलेल्या रॉस या छोट्या गावाला मात्र थांबाच. 1909 मध्ये इथे सुमारे 3 किलोचा सोन्याचा गोळा सापडला होता! जोन्स क्रीक या ओढ्यावर आजही कोणीही पॅन (सोनं शोधायची पसरट थाळी) घेऊन बसावं. घाई न करता गाळ घोळवायचा. तळाशी काळी वाळू उरली की तिच्या कडेला बघायचं. मला तासाभरात मोहरीएवढाही कण मिळाला नाही. सँडफ्लायनी (चावऱ्या बारीक माश्यांनी) घोटे तेवढे फोडून काढले. लांब मोजे घाला.