सिडनीजवळच्या गोड्या पाण्याच्या क्रीकमध्ये (ओढ्यात) सरफेस ल्युअरवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नकली आमिषावर, बास हा मासा कधी आणि कसा पकडायचा?

डिसेंबर ते फेब्रुवारी (तिथला उन्हाळा), पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरचा तासभर, आणि ल्युअर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या अगदी खाली टाका. नेपियन नदीला मिळणाऱ्या छोट्या ओढ्यांवर मी हेच करतो. कारण उन्हाळ्यात झाडांवरचे सिकाडा (किर्र आवाज करणारे मोठे कीटक) पाण्यात पडतात आणि बास सावलीत, बुडालेल्या ओंडक्यांपाशी त्यांचीच वाट बघत असतो, म्हणून सिकाडासारखा छोटा ल्युअर किंवा पॉपर (ओढल्यावर पाण्यावर 'पॉप' आवाज करणारा ल्युअर) घ्या, पडल्यावर लगेच ओढू नका, पाण्यावरची वर्तुळं विरू द्या, मग हलकासा झटका, परत थांबा. बहुतेक वेळा मासा थांबलेल्या ल्युअरवरच येतो!! आणि मासा ल्युअरवर झडप घालून आवाज झाला की लगेच हिसका देऊ नका, दोरीला वजन जाणवू दे.

फक्त एक, हिवाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा बास अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे जातात आणि न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीच्या राज्यात) तेव्हा नद्यांतला बास ठेवायला बंदी असते, तारखा आणि फिशिंग फी सरकारी साइटवर बघूनच निघा. जंगली बास सोडूनच द्या प्लीज, फार हळू वाढतो तो, टोकाजवळ उलटा काटा नसलेले हूक (गळ) वापरा आणि हात ओले करून धरा.