कांद्यात तण माजलंय, युरिया वाढवू का?

प्रश्न : सर, उन्हाळ कांदा लावून ४० दिवस झाले, एक एकर आहे. द्राक्षाची कामं सुरू झाली की आमच्याकडं मजूर मिळतच नाही, त्यामुळं खुरपणी राहिली ती राहिलीच. आता घोळ, चाकवत आणि गवत पातीच्या बरोबरीनं आलंय. दुकानदार म्हणतो युरियाची एक गोणी जास्त टाका, कांदा तणाला दाबून वर येईल. टाकू का? (एक वाचक, ता. निफाड)

उत्तर : नका टाकू दादा. कांदा तणाला दाबणारं पीक नाहीच. सोयाबीन ओळी झाकून टाकतं आणि खालचं तण सावलीनंच बसतं, कांद्याची पात मात्र उभी, ऊन सरळ जमिनीवर पडतं, त्यात मुळंही वरच्या थरातच, म्हणजे तण जिथं खातं तिथंच कांदाही खातो. जादा युरिया आधी चाकवतालाच लागणार.

आता नुकसान कसं होतं ते बघा. कांदा आडवा कापला की जी वलयं दिसतात ती पातीची बुडं फुगून झालेली असतात. गड्डा धरायच्या आधी पात कमी झाली की कांदा पोसणार कशावर? म्हणून लागणीनंतर साधारण १५ ते ६० दिवस रान स्वच्छ हवं. तण काढलंच नाही तर ४० ते ८० टक्क्यांपर्यंत उत्पादन घटल्याचं चाचण्यांमध्ये दिसलंय. वजन घटतं ते वेगळंच, वर बराच माल गोल्टीत, म्हणजे बारीक कांद्यात जातो आणि भावातही मार बसतो, हे कुणी हिशोबात धरतच नाही.

तुमची वेळ अजून गेली नाही. सावड करा, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं कामाला जा, घरचे उतरवा, पण याच आठवड्यात खुरपून घ्या. पाणी देऊन वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल सुकून माती नुसती ओलसर राहिली की खुरपा, कोरड्यात मोठा चाकवत उपटला की शेजारचा कांदा हलतो, मुळं तुटतात. घोळ वाफ्यातच टाकू नका, ओल मिळाली की ती परत मुळं धरते, बांधाबाहेर न्या. तणनाशकाचं म्हणाल तर क्विझालोफॉप फक्त गवतावर चालतं, चाकवत-घोळीला काही होत नाही. ऑक्सिफ्लोरफेनही बारीक तणावरच काम करतं, एवढ्या मोठ्यावर पैसे वाया. खुरपल्यावर युरियाचा राहिलेला ठरलेला हप्ता द्या तेवढाच, आणि ६० दिवसांनंतर युरिया बंद, नाहीतर कांद्याच्या माना जाड होतात आणि तो कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही.

पुढच्या वर्षी लागणीच्या वेळीच ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के, लिटरला दीड ते दोन मिली, ओल्या जमिनीवर मारा आणि पुढं एक खुरपणी ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस हीच आहे.

प्रश्न : आमच्या रानात लव्हाळा फार आहे, खुरपलं की आठवड्यात परत. कांद्यात चालेल असं औषध सांगा. (एक वाचक, ता. जुन्नर)

उत्तर : ताई, वर सांगितलेल्या दोन्ही औषधांनी लव्हाळा मरत नाही, कारण तो जमिनीतल्या गाठींवरून फुटतो. दुकानात कुणी तसं सांगून बाटली दिली तर घेऊ नका. याचं काम उन्हाळ्यातच, खोल नांगरट करून गाठी वर आणायच्या, वेचायच्या, उरलेल्या उन्हात तापू द्यायच्या. तेवढ्या तुकड्यात रोटाव्हेटर मारू नका, गाठी रानभर पसरतात. आणि जिथं लव्हाळा दाट आहे तिथं यंदा कांदा लावूच नका.