बोर्ड कुठपर्यंत उठतो, ते त्याला विचारा

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला, 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'ची केटी, म्हणजे नापास विषयाची परीक्षा, बाकी. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने व्हिजनफाइव्ह २ नावाचा बोर्ड घेतला, म्हणजे रिस्क-फाइव्ह रचनेच्या प्रोसेसरचा, एकाच पाटीवरचा छोटा संगणक. महिन्यापूर्वी त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला आणि तेव्हापासून टीव्हीवर काळा पडदा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो त्याच्यासमोर बसलेला असतो. वर्गातली बाकीची मुलं ॲप्टिट्यूडचे क्लास लावून प्लेसमेंटच्या तयारीला लागली आहेत. वडील बेस्टच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, विकून टाक. आईचा प्रश्न असा: "यात त्याचं काही होणार आहे का, की हे काढून घेऊ?"

ताई,

काढून घेऊ नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू देऊ नका. आज जेवताना त्याला एकच विचारा, "बोर्ड कुठपर्यंत उठतो?" तो "काहीच दिसत नाही गं" म्हणाला, तर महिनाभर तो अंधारात चाचपडतोय. "यू-बूट येतो, 'स्टार्टिंग कर्नल' अशी ओळ येते आणि पुढे गप्प होतो," असं म्हणाला (यू-बूट म्हणजे कर्नलला उठवणारा प्रोग्रॅम), तर ज्या कामासाठी कंपन्या माणसं ठेवतात तेच काम तो घरी बसून करतोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांमधल्या फरकात आहे.

हा बोर्ड एका दमात सुरू होत नाही. वीज मिळाली की चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो एसपीएल नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला उठवतो, एसपीएल मेमरी सुरू करतो. मग ओपनएसबीआय येतो, तो प्रोसेसरचे सगळ्यात वरचे अधिकार स्वतःकडे ठेवतो. मग यू-बूट, आणि यू-बूट कर्नलला मेमरीत आणून त्याच्या हाती डिव्हाइस ट्री देतो, म्हणजे बोर्डावर काय कुठे बसवलंय याचा नकाशा. शेवटी कर्नल कार्डावरची फाइल सिस्टिम शोधतो. कोणीही आपलं काम पुढच्याच्या हाती दिलं नाही की बोर्ड तिथेच थांबतो, आणि बाहेरून सगळं सारखंच दिसतं: दिवा चालू, पडदा काळा. हे तुमच्या यजमानांना सांगून बघा. बस सुरू होत नसेल तर बॅटरी, स्टार्टर, डिझेल कुठे अडलंय हे बघितल्याशिवाय ते इंजिन उघडत नसतील. मुलाला आत्ता त्यांची ती सवय हवी आहे, आणि ती घरातच आहे.

मला ही सवय उशिरा लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी अंधेरीच्या एमआयडीसीत एक बोर्ड मधूनच बंद पडायचा. मी चार दिवस कर्नलच्या सेटिंग उलटसुलट केल्या. वरिष्ठांनी येऊन मल्टिमीटर लावला. लोड आला की व्होल्टेज खाली येत होतं. अडॅप्टरची वायर बारीक होती. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तू मोजलं काय होतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते चार दिवस अजून आठवतात, म्हणून तुमच्या मुलाचा महिना मला जास्तच जाणवतो.

आता थोडं त्याच्याशी बोलतो, हा भाग त्याला वाचायला द्या.

टीव्ही बाजूला ठेव. एचडीएमआयवर चित्र येतं ते फार शेवटी, त्याआधीचं काहीच तुला दिसणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी टू टीटीएल सिरीयल अडॅप्टर आण, ३.३ व्होल्टचा; बोर्ड जे अक्षरांत बोलतो ते त्यातून लॅपटॉपवर दिसतं. चाळीस पिनांच्या हेडरवर ६ नंबर ग्राउंड, ८ बोर्डाचा टीएक्स (पाठवणारा), १० आरएक्स (घेणारा). टीएक्स आणि आरएक्स उलटसुलट जोडायचे, अडॅप्टरची लाल वायर जोडायचीच नाही. वेग ११५२००. लॅपटॉपवर टर्मिनल उघडून आलेला सगळा मजकूर फाइलमध्ये साठव.

एक अक्षरही आलं नाही, तर वायरिंग, वीजपुरवठा आणि बूट मोडचे ते दोन छोटे स्विच बघ. कर्नलला हात लावू नकोस. 'स्टार्टिंग कर्नल'नंतर शांतता असेल, तर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये अर्लीकॉन घाल, म्हणजे कन्सोलचा ड्रायव्हर उठण्याआधीचे संदेश दिसायला लागतील. अशा वेळी माझा पहिला संशय डिव्हाइस ट्रीवर असतो: कर्नल नवा आणि ट्री जुन्या कर्नलसोबतची. 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणून पॅनिक आला, म्हणजे कर्नलने हात टेकले, तर खूश हो, बोर्ड जवळजवळ पोचलाय. रूटचं पार्टिशन चुकलंय, किंवा कार्डाचा ड्रायव्हर इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये, गेलेला नाही. कर्नल बदलला की एमएमसीचे, म्हणजे कार्डांचे, नंबर बदलू शकतात, म्हणून तिथे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची न बदलणारी ओळख, लिही.

आणि एक शक्यता अशी की बोर्ड पूर्ण उठतोय! लॉगिनची ओळ सिरीयलवर निमूट थांबलेली असेल. या चिपच्या एचडीएमआयला मूळ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कंपनीने बदल न केलेल्या कर्नलमध्ये, बराच काळ आधार नव्हता. कंपनीच्या कर्नलमध्ये चित्र येतं आणि मूळ कर्नल टाकला की पडदा काळा. तू मूळ कर्नल टाकला असशील तर मला हीच शंका सगळ्यात जास्त आहे. सिरीयल अडॅप्टर आणायच्या आधी राउटरच्या यादीत बोर्डाला आयपी मिळालाय का ते बघ.

यापुढे जुना कर्नल कधी पुसू नकोस. एक्स्टलिनक्सच्या फाइलमध्ये, म्हणजे यू-बूट कुठला कर्नल उठवायचा ते जिथे बघतो तिथे, दोन्हींची नोंद ठेव. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत: काय बदललं, काय व्हायला हवं होतं, कुठली शेवटची ओळ आली. मुलाखत घेताना मी अशी वही मार्कशीटच्या आधी वाचली असती.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येतो, नोकरीबद्दल. नवा बोर्ड उठवण्याच्या आणि त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या या कामाला बोर्ड ब्रिंग-अप, बीएसपी, फर्मवेअर अशी नावं आहेत. मुंबईत ते थोडं आहे; इथे आयटी सेवा आणि बँकांचं काम जास्त. खरी संधी बंगळूर, हैदराबाद आणि पुण्यात, म्हणजे मुलगा घराबाहेर जाईल याची तयारी ठेवा. रिस्क-फाइव्ह ही २०१० साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेली प्रोसेसरची खुली रचना, वापरायला परवाना शुल्क नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर तिच्यावर आहेत, केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रमही सुरू केला. तरी मी त्याला 'रिस्क-फाइव्ह इंजिनीअर' व्हायला सांगणार नाही. आज जास्त नोकऱ्या आर्म या दुसऱ्या प्रोसेसर-रचनेच्या बोर्डांवर आहेत, आणि यू-बूट, डिव्हाइस ट्री, लॉग वाचणं तिथेही तेच. इथे शिकलेलं तिथे वाया जात नाही. मुलाखतीत सी भाषा, पॉइंटर, बिट्सचे खेळ, इंटरप्ट विचारतात. ते रोज तासभर करू दे. पदवीनंतर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, सुमारे सहा महिन्यांचा, सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा देऊन मिळतो. कॅम्पसला बसायचं असेल तर ॲप्टिट्यूडही करू दे, रविवारी सकाळी. त्यात कमीपणा नाही.

केटीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पुष्कळ कंपन्या बाकी राहिलेली केटी असली की मुलाखतीलाच बसू देत नाहीत, आणि त्याची वही कोणी उघडणारही नाही. परीक्षा होईपर्यंत बोर्डाला रात्री नऊ ते साडेदहा, पुढे नाही. साडेदहाला शेवटची ओळ वहीत लिहायची आणि वीज बंद.

अडॅप्टरचे काही शे रुपये त्याच्या वडिलांनी द्यावेत, शक्य असेल तर त्यांनीच त्याच्यासोबत लॅमिंग्टन रोडला जावं. पहिला लॉग आला की पुढच्या पत्रासोबत पाठवायला सांगा, मी वाचेन.