वाचक विचारतात: मधल्या जागा भरणारे

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला, शेती करतो, कपाशी अन् तूर. माहे मोठेबाबा ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत, मांडीवर आडवं ठेवून, तारांवरून लोखंडी बार फिरवून. ते गेले तेव्हापासून गिटार माळ्यावर पडून आहे. परवा रात्री मोटार सुरू करून धुऱ्यावर बसलो होतो, मोबाईलवर एक अमेरिकन माणूस दिसला, तसंच आडवं गिटार पण टेबलासारखं पायांवर उभं, खाली पेडल, अन् तो हातानं, पायानं, गुडघ्यानं सगळ्यानंच काहीतरी करून राहिला होता. आवाज आला अन् मले मोठेबाबाच आठवले. खाली नाव पाहिलं तर फक्त गायकाचं. हे वाजवणारे लोक आहेत तरी कोण, अन् त्यांचं नाव कोणी काऊन घेत नाही?

उत्तर: भाऊ, आधी एक कबुली देतो, मी स्वतः कितीतरी वर्षं त्या आवाजाला हवाईयन गिटारच समजत होतो आणि छातीठोकपणे लोकांना सांगतही होतो. तुम्ही पाहिलं ते पेडल स्टील गिटार. मोठेबाबांच्या गिटारचं चुलत भावंड म्हणा, घराणं एकच पण वाटण्या झाल्या.

आपल्याकडे पेडल म्हटलं की नाटकातली पायपेटी आठवते. पायपेटीत पाय नुसती हवा भरतो, सूर बोटंच काढतात. इथं पायच सूर बदलतो. बहुतेक एका गळ्याला, म्हणजे तारांच्या एका पट्टीला, दहा तारा असतात, पेडल दाबलं की खालच्या सळ्या ओढल्या जातात आणि ठरलेल्या एकदोन तारा अर्धा किंवा पूर्ण सूर वर चढतात, बाकीच्या तारा मात्र आपल्या जागी तशाच वाजत राहतात. म्हणजे एकाच झंकारात एक सूर थांबलेला आणि दुसरा त्याच्या अंगाला घासत वर चाललेला. सतारीची मींड ऐकली ना, तशी मींड, पण तीनचार तारांच्या मेळातून एखादीच तार निघते. डाव्या हातात बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत पिक, डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर, आणि गुडघ्यांनी लिव्हर ढकलायचे ते वेगळंच. तिफण हाकताना एकाच माणसानं कासराही धरावा, रुमणंही दाबावं आणि चाड्यावरची मूठही सोडावी, तसा प्रकार आहे हा.

मूळ हवाई बेटांचं. जोसेफ केकुकू नावाचा १८७४ साली जन्मलेला तिथला पोरगा, शाळेत असताना गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा घासून वाजवायला लागला, १९०४ मध्ये अमेरिकेत गेला आणि हे वाजवणं तिकडे पसरलं. पुढे कारागिरांनी त्याला पेडल लावले, पॉल बिग्ज्बीनं १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट या वादकासाठी बनवलेलं वाद्य त्यातलं गाजलेलं. पण खरी गंमत केली बड आयझॅक्स या स्टीलवाल्यानं. वेब पिअर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ मध्ये आलं, त्यात यानं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. त्याआधी पेडल म्हणजे सूर बदलून घ्यायची सोय होती, यानं तो बदलच ऐकवला. गाणं तिकडच्या कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकन खेड्यापाड्याच्या वळणाच्या गाण्यांच्या, यादीत सतरा आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं आणि गावोगावचे स्टीलवाले आपल्या गिटारला सळ्या-पेडल जोडत बसले. आयझॅक्सचं नाव किती जणांना माहीत? वेब पिअर्सचं माहीत.

आता तुमचा काऊन. माझ्या मते उत्तर त्या वाद्याच्या कामातच आहे. गायक ओळ म्हणतो, थांबतो, श्वास घेतो, तेवढ्यात स्टीलवाला एक जागा घेतो आणि गायक परत आला की गुपचूप बाजूला होतो. आपल्या कीर्तनात पेटीवाला दुसरं काय करतो? बुवांचा अभंग लोक दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गुणगुणतात, त्यातली अर्धी चाल खरं तर पेटीनं भरलेली असते पण बिदागीच्या वेळी पेटीवाला कुठं बसला होता तेही कोणाला आठवत नाही. त्यात कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या स्टुडिओत तीनतीन तासांच्या पाळीनं काम चाले, एका दिवसात दोनतीन गायकांकडे वाजवायचं, आणि त्या काळच्या कितीतरी रेकॉर्डच्या पाकिटावर वादकांची नावं छापलेलीच नसत. आपल्या रेडिओवर एखादा कार्यक्रम लवकर संपला, दोन मिनिटं उरली, की गिटारवरची सिनेमाची धून लावत, ती आठवते का? वाजवणाऱ्याचं नाव कधी सांगत, कधी बातम्यांची वेळ व्हायची आणि धून मधेच तोडून टाकत. तेच हे.

राल्फ मूनी ऐका. मर्ल हॅगर्ड, बक ओवेन्स या मोठ्या गायकांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर जो टणटणीत, उड्या मारत येणारा स्टीलचा आवाज आहे तो याचा, नंतर वेलन जेनिंग्जबरोबर वीसेक वर्षं मागे बसून वाजवलं. आणि ‘क्रेझी आर्म्स’ हे १९५६ साली रे प्राइसनं गाऊन वीस आठवडे पहिल्या नंबरवर ठेवलेलं गाणं, ते लिहिण्यात मूनीचा हात होता. म्हणजे गाणं ह्याचं, नाव त्याचं. मूनी २०११ मध्ये गेला.

पीट ड्रेकची गोष्ट तर मला फारच लागते. ह्यानं स्टीलचा आवाज एका नळीतून तोंडात घेतला, ओठ हलवून त्या आवाजाचे शब्द केले आणि ते माईकमध्ये सोडले, म्हणजे गिटारच बोलायला लागली. १९६४ मध्ये ‘फॉरएव्हर’ नावाची त्याची अशी रेकॉर्ड चांगली चालली. पुढे बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या अल्बमसाठी त्याला लंडनला बोलावलं, तिथं पीटर फ्रॅम्पटन नावाच्या तरुण गिटारवाल्यानं ही नळी पाहिली आणि १९७६ मध्ये त्याच नळीवर जगभर नाव केलं. फ्रॅम्पटन बिचारा स्वतः सांगतो की हे मी पीट ड्रेककडून पाहिलं, त्याला दोष नाही. पण आज कोणालाही विचारा बोलणारी गिटार कोणाची, ड्रेक म्हणणारा हजारात एखादा. गायिका टॅमी वायनेटच्या ‘स्टँड बाय युवर मॅन’ या गाण्यामध्येही स्टील त्याचीच आहे.

लॉइड ग्रीनला विसरू नका, रॉकवाल्या बर्ड्स मंडळींनी १९६८ मध्ये कंट्रीकडे वळायचं ठरवलं तेव्हा त्या अल्बमवर स्टील वाजवणारे दोघं, हा आणि जेडी मेनेस. आणि स्नीकी पीट क्लाइनो हा तर वल्लीच. सिनेमात बाहुल्या एकेक फ्रेम हलवून चालवायचं काम करायचा, पुढे ‘टर्मिनेटर’सारख्या सिनेमातही केलं, आणि मधल्या काळात फ्लाइंग ब्यूरिटो ब्रदर्समध्ये असं घरघरणारं स्टील वाजवलं की कान टवकारतात.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो ह्या नॅशव्हिलवाल्यांवर नाही. ते निदान आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी माहीत आहेत. अमेरिकेत ‘हाऊस ऑफ गॉड’ नावाचं काळ्या लोकांचं चर्च आहे, तिथं प्रार्थनेला ऑर्गनऐवजी स्टील गिटार वाजतं. १९३० च्या दशकात फिलाडेल्फियात ट्रोमन इसन नावाचा माणूस एका हवाईयन शिक्षकाकडे शिकला, त्याच्या धाकट्या भावानं, विली इसननं, ते वाद्य चर्चमध्ये माणसाच्या गळ्यासारखं रडवलं, गायला लावलं. सत्तरच्या दशकात चक कॅम्पबेलनं तिथं पेडल स्टील आणलं. साठ वर्षं ही सगळी मंडळी दर आठवड्याला वाजवत होती आणि बाहेरच्या जगाला पत्ता नाही, नव्वदच्या दशकात रेकॉर्डिंग निघाली तेव्हा लोक चाट पडले. आपल्या खंजिरी भजनाच्या मंडळात असे किती हात आहेत, गावाच्या वेशीबाहेर त्यांना कोण ओळखतं? रॉबर्ट रँडॉल्फ हा त्याच चर्चमधला पोरगा आता जगभर फिरतो, बरं वाटतं, पण त्याच्या मागे तीन पिढ्या उभ्या आहेत.

आणि एक नाव वहीत लिहूनच ठेवा, डेमोला अडेपोजू. हा नायजेरियाचा, तिथला गायक किंग सनी अडे याच्या वाद्यवृंदातला. तिकडच्या जुजू संगीतात बोलके ढोल, पाचसहा गिटारी, आणि त्या गर्दीतून पेडल स्टील पाण्यातून मासा जावा तसं सुळकन निघून जातं, १९८२ चा ‘जुजू म्युझिक’ अल्बम ऐका. अमेरिकन गायक पॉल सायमनचं १९८६ चं ‘ग्रेसलँड’ हे गाणं आहे ना, एल्विसच्या घराच्या नावाचं, मेम्फिसच्या वाटेचं, अगदी अमेरिकन मातीतलं वाटणारं, त्यातलं पेडल स्टील ह्या नायजेरियन माणसानं वाजवलंय. लोक डोळे मिटून म्हणतात वा काय नॅशव्हिलचा आवाज आहे!

आपल्याकडचंही सांगतो, कारण मोठेबाबांनी हे हवेतून नाही उचललं. टाऊ मो नावाचा हवाईयन वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासकट कलकत्त्यात राहिला होता, बंगालात हे वाद्य असं घरोघर गेलं की कवी काझी नझरूल इस्लामचा मुलगा काझी अनिरुद्ध ह्यानंही तेच हाती धरलं. गिटारवाले सुनील गांगुली यांच्या सिनेमाच्या धुना तर मोठेबाबांनी ऐकल्याच असणार. लखनौचे व्हॅन शिप्ले मुंबईच्या स्टुडिओत इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसत. आणि १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम, संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, हे दोघं सगळ्यांना पाठ. तिसरा कोण? ब्रिजभूषण काबरा, जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, आडव्या गिटारवर आलाप करणारे. २०१८ मध्ये गेले. मी एकदा आमच्या भजनी मंडळात हा प्रश्न टाकला, बारा जणांत एकालाही तिसरं नाव आलं नाही, आणि त्यातल्या दोघांच्या घरी ती कॅसेट होती राजेहो.

प्रश्न: मी चिखलीकडची, शाळेत शिकवते. पेडल स्टील वाजवणाऱ्या बायका आहेत का? की इथंही पुरुषांचीच मक्तेदारी? आणि हे वाद्य नुसतं रडक्या गाण्यांसाठीच आहे का हो?

उत्तर: ताई, बायका आहेत, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकच बाई पुरते. सुझन अल्कॉर्न. १९५३ चा जन्म, टेक्सासमध्ये दारूच्या गुत्त्यांवरच्या कंट्री बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवलं, म्हणजे रडकी गाणी पोटभर वाजवून झाली, आणि मग ह्या बाईनं ठरवलं की हे वाद्य कुठंही जाऊ शकतं. अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोला याचे टँगो, म्हणजे तिकडच्या नाचाच्या चाली, एकटीनं पेडल स्टीलवर बसवले, मेसिआँसारख्या अवघड युरोपियन संगीतकाराची रचना वाजवली, आणि चाल न ठरवता जागच्या जागी सुचेल ते वाजवणाऱ्यांच्या मैफिलीत जाऊन बसली. जानेवारी २०२५ मध्ये गेली. तिचं ऐकताना पहिली दहा मिनिटं काही कळत नाही, मला तर वाटलं वाद्य लावूनच राहिली आहे अजून, मग एकदम एक तार अशी खाली उतरते की आपण हातातला चहा विसरतो. शाळेतल्या पोरांना ऐकवायचं असेल तर पियाझोलावालं आधी लावा, बाकीचं नंतर.

दुसरं नाव बार्बरा मँड्रेल, गायिका म्हणून मोठी, पण शाळकरी वयातच ती स्टेजवर स्टील वाजवत होती हे तिचं गाणं आवडणारेही विसरतात.

प्रश्न: काटोलवरून लिहितोय. मला शिकायचंच आहे. पेडल स्टील नागपूरला मिळेल का, किती पडेल?

उत्तर: दादा, दुकानात जाऊन उचलून आणण्यासारखं ते नाही. अमेरिकेतही शिकाऊ लोकांचं जुनं वाद्य हजार डॉलरच्या वर जातं, वर ते आणायचा खर्च आणि कस्टम, आणि एखादी सळी वाकली तर इकडे दुरुस्त कोण करणार. एका संत्र्याच्या मोसमाचे पैसे त्यात घालू नका. साधं जुनं गिटार घ्या, माथ्याजवळच्या पट्टीवर उंच पट्टी बसवून तारा वर उचला, बार घ्या आणि आधी सूर नेमका पट्टीवर लागतो का ते वर्षभर बघा. बार काडीभर मागं राहिला तरी बेसूर होतं आणि लपवायला जागा नाही. पाय नंतर.

आणि दारव्ह्याच्या भाऊंसाठी, राहिलंच होतं. गिटार माळ्यावरून काढा पण काढल्याकाढल्या जुन्या तारा ताणू नका, गंजलेली तार तुटून डोळ्याला लागते आणि एवढ्या उन्हाळ्यांत मानही वाकली असेल. ढिल्या करून काढून टाका, आतून कोरड्या फडक्यानं पुसा, गिटार ठेवायच्या पेटीच्या कप्प्यात बार सापडतो का बघा, बहुतेक तिथंच असतो. मोठेबाबा तारा कुठल्या सुरांत लावत हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याची तारा लावायची रीत आपली आपली. त्यांच्या बरोबरचा कोणी तबलावाला, कॅसिओवाला अजून असेल आसपासच्या गावात, त्याच्याकडे जाऊन बसा, आणि त्या ऑर्केस्ट्रात कोण कोण होतं त्यांची नावंही विचारून मला कळवा, पुढच्या अंकात छापतो.