गोळ्या उशीखाली, शपथ तुमच्या गळ्यात

प्रश्न: मी एका मोठ्या हॉस्पिटलात सफाईचं काम करते. आमच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या बेडवर एक आजोबा आहेत. कुणाशी बोलत नाहीत, माझ्याशी मात्र बोलतात. परवा त्यांच्या उशीखाली गोळ्या सापडल्या. सिस्टरांची पाठ वळली की ते गोळी तोंडातून काढून लपवतात. "कुणाला सांगितलंस तर माझी शपथ आहे," म्हणाले. त्यातच सुपरवायझरने सगळ्यांदेखत सुनावलं, "तुला लादी पुसायला ठेवलंय, गप्पा मारायला नाही." वाटतं, बोललेच नसते तर बरं झालं असतं. काय करू?
– एक मावशी

उत्तर: मावशी, आधी गोळ्यांचं बघू, ते थांबण्यासारखं नाही. सांगा. हे वाचाल त्याच दिवशी, शिफ्ट संपायच्या आत.

गोळी दिली, अशी नोंद कागदावर झालेली असते. डॉक्टर राउंडला येतात, गुण दिसत नाही म्हणून डोस वाढवतात. मग एखाद्या दिवशी आजोबांनी तो वाढलेला डोस खरंच गिळला तर? फिटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या तर अचानक बंद केल्या तरी जिवावर बेततात. आणखी एक शंका लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. जगण्याला कंटाळलेलं माणूसही गोळ्या साठवतं. आजोबांचं तसं आहे असं मी म्हणत नाही. ते ओळखणं तुमचं काम नाही, माझंही नाही. म्हणूनच सांगायचं.

शपथेचं म्हणाल, तर ती घालताना त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?

फक्त चोरून सांगू नका. आधी त्यांनाच म्हणा, "आजोबा, हे मला पोटात ठेवता येणार नाही. तुम्ही सांगता सिस्टरांना, का मी सांगू?" रागावतील, कदाचित भिंतीकडे तोंड फिरवून पडतील. पडू द्या. ते काही म्हणोत, तुम्ही सिस्टरांकडे जा. जाण्याआधी जमलं तर गोळी का नको, तेवढं विचारा. मळमळतं, घशात अडकते, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं आणि हाक मारायची लाज वाटते, असं काहीतरी निघू शकतं. ते सिस्टरांना कळलं तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते, पातळ औषध देता येतं. तुम्ही स्वतः मात्र गोळी कुटून किंवा तोडून देऊ नका, काही गोळ्या तशा घेतल्या तर अपाय करतात.

आणि बोलला नसतात तर गोळ्या आजही उशीखालीच असत्या, मावशी.

सुपरवायझरचं एक म्हणणं खरं आहे. वॉर्डातली सफाई हा जंतुसंसर्ग रोखण्याचाच भाग आहे, तिथे कसर चालत नाही. पण तोंड चालू असलं म्हणून हातातलं फडकं थांबत नाही. एमी रझेस्नीव्हस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी २००१ मध्ये हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं होतं. काहींच्या लेखी काम म्हणजे झाडणं-पुसणं, संपलं. काही मात्र पेशंटशी, नातेवाइकांशी बोलत, सिस्टरांच्या कामाच्या वेळा सांभाळून आपलं काम करत आणि स्वतःला शुश्रूषेचाच भाग समजत. तुम्ही या दुसऱ्यांतल्या. ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर २०१३ मध्ये स्वतः कॅन्सरच्या पेशंट म्हणून दाखल झाल्या, तेव्हा कित्येकांनी आपलं नावसुद्धा सांगितलं नाही. नाव सांगून बोलणारा पहिला माणूस होता त्यांना वॉर्डात नेणारा हमाल. पुढे त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना नाव सांगायला लावणारी मोहीमच काढली. सुपरवायझरला हे ऐकवत बसू नका, उलट उत्तर वाटेल. गोळ्यांचं सांगाल तेव्हा सिस्टरांच्याच कानावर घाला, त्यांनी सांगितलेलं तो ऐकून घेईल.

मायेच्या भरात काही गोष्टी मात्र करू नका. पेशंटने पाणी मागितलं तरी सिस्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असतं, किंवा गिळता येत नसतं आणि पाणी फुप्फुसात जातं. कुणी पडलं तर एकटीने उचलू नका, हाक मारा. "मी बरा होईन ना?" याला "हो" हे उत्तर तुमच्याकडे नाही. "भीती वाटतेय का?" एवढं विचारा आणि ऐका.

एक दिवस तो बेड रिकामा दिसेल. आजोबा घरी गेले, दुसऱ्या वॉर्डात गेले की वारले, हे तुम्हाला येऊन कुणी सांगणार नाही. गादी पुसायला तेवढी हाक मारतील. तेव्हा सिस्टरांना सरळ विचारा. आजाराचा तपशील त्या सांगणार नाहीत, सांगूही नये. पण "आमचे आजोबा कुठे गेले?" हे विचारताना संकोच करू नका. उत्तर ऐकून रडू आलं, तर थोडा वेळ बाहेर जाऊन बसा. गादी तेवढा वेळ थांबेल.