मृत्युपत्र एकदा केलंय, आता पुन्हा कशाला?

"मृत्युपत्र केलंय, रजिस्टरही केलंय. आता बदललं तर मुलांना वाटेल, बाबांच्या मनात काहीतरी आलंय." पंच्याहत्तरीचे एक काका सांगत होते. अशी काळजी मनात घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात, म्हणून ओळख पुसून लिहिते आहे.

कागद वाचायला मागितला. 2008 चा. डोंबिवलीचा फ्लॅट मुलाला, मुलीला बँकेतली एफडी, तीही पावतीच्या नंबरासकट. व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मागाहून मृत्युपत्राप्रमाणे वाटणी पार पाडायला, काकूंचं नाव, आणि काकू आता हयात नाहीत.

"ही एफडी आहे का अजून?"

"छे, ती केव्हाच मोडली. मुलाच्या घराच्या डाऊन पेमेंटला." एवढं बोलले आणि स्वतःच चपापले.

मृत्युपत्रात नेमकी जी ठेव लिहिली, ती मृत्यूच्या वेळी उरलीच नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तो वाटा सहसा बुडतो. बदल्यात दुसरं काही आपोआप मिळत नाही. दोघांना सारखं द्यायचं म्हणणाऱ्या बापाच्या कागदावर मुलीचा हात रिकामा! "पण दुसऱ्या खात्याला नॉमिनी तीच आहे," काका म्हणाले. नॉमिनीच्या हाती बँक पैसे देते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते.

रजिस्टर केलेलं मृत्युपत्रही बुद्धी शाबूत असेतो कितीदाही बदलता येतं. त्याला स्टँप ड्युटी लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते वाटेकरी नसलेले बरे.

खरी अडचण घरात सांगण्याची होती. मी म्हटलं, दोघांना एकत्र बसवा, आकडे नको, कारण सांगा. मुलगी लगेच म्हणाली, "मला काही नको, बाबा." हे वाक्य आपल्याकडे मुली फार पटकन बोलतात, त्याच्या भरवशावर मृत्युपत्र लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा दोन दिवस घुश्शात होता. मग त्यानेच वकिलाची वेळ घेतली.

नव्या मृत्युपत्रात आधीचं रद्द केल्याचं पहिल्याच परिच्छेदात आहे. पावतीचे नंबर गेले, "त्या वेळी जी शिल्लक असेल तिचे हिस्से" असे शब्द आले. व्यवस्थापक आता भाचा, आणि तो नसेल तर कोण, हेही लिहिलंय.

सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. नव्या फ्लॅटचा करार झाला की काकांना पुन्हा वकिलाकडे जायचंय.