कापाकापी कमी, मोजमाप जास्त

प्रश्न: मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी गळते, त्या त्रासावर संशोधन करायचंय. पण कुठलाही पेपर उघडला की रॅटची नर्व्ह चिरडलेली, नाहीतर मूत्रमार्गाचा स्नायू जाळलेला. प्राण्यांना कमी इजा करणारी मॉडेल, म्हणजे माणसाचा आजार प्राण्यात उभा करायच्या पद्धती, तयार करणं, एवढंच धरून करिअर होईल का? शस्त्रक्रिया मला जमत नाही आणि नकोशीही वाटते.

उत्तर:

करिअर होईल. मात्र तू वाचलेल्या पेपरांमधली कापाकापी दोन वेगळ्या कामांसाठी असते, ते आधी सुटं करून बघ. एक कापणं त्रास निर्माण करण्यासाठी, दुसरं तो मोजण्यासाठी. सगळ्यांचं लक्ष पहिल्याकडे जातं. करायला जागा जास्त आहे ती दुसऱ्यात.

पहिल्या बाजूला चाकू न लावता काम करणारं मॉडेल आधीच आहे. भूल दिलेल्या मादी रॅटच्या योनिमार्गात फोली कॅथेटरचा, म्हणजे लघवीसाठी घालतात त्या नळीच्या टोकाचा, फुगा ठेवायचा, 2 ते 3 मिली पाण्याने फुगवायचा आणि बऱ्याच प्रयोगशाळांत ठेवतात तसा 4 तास ठेवायचा. बाळाच्या डोक्यामुळे मूत्रमार्गावर, त्याच्या रक्तपुरवठ्यावर आणि शेजारच्या नर्व्हवर येतो तसा दाब येतो. गोम अशी की ही मादी काही आठवड्यांत आपोआप बरी होते. नवशिके हमखास इथेच फसतात: औषध देतात, सहाव्या आठवड्यात मोजतात, दोन्ही गट सारखेच निघतात आणि औषधाचा उपयोग नाही असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. खरं तर औषध न दिलेला गटही तोवर बरा झालेला असतो. टिकाऊ दोष हवा म्हणूनच लोक मूत्रमार्ग भोवतालच्या ऊतींपासून सोडवतात, स्नायू जाळतात किंवा मूत्रमार्ग आवळणाऱ्या स्नायूकडे जाणारी पुडेंडल नर्व्ह कापतात. इजा जितकी सौम्य तितकी ती लवकर भरून येते, हा पेच या विषयात पदोपदी भेटेल.

त्यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. एक जनुकीय. लॉक्स-एल-1 हे जनुक बंद केलेल्या माइसमध्ये इलॅस्टिनची, म्हणजे ऊतींना लवचिक ठेवणाऱ्या प्रथिनाची, डागडुजी नीट होत नाही आणि पिल्लं झाल्यावर माद्यांचे श्रोणीतले अवयव खाली उतरतात. चाकू नाही म्हणजे त्रास नाही, असं मात्र नाही. अंग बाहेर आलेली मादी रोज तपासावी लागते आणि कुठल्या टप्प्यावर थांबायचं ते प्रयोगाआधीच लिहून ठेवावं लागतं. दुसरी वाट पशुवैद्यकाची. नसबंदी केलेल्या पाळीव कुत्र्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींच्या माद्यांमध्ये, मूत्रमार्गाचा झडपेसारखा ताबा ढिला पडतो. हा आजार आपसूक झालेला असतो, मुद्दाम केलेला नसतो. मालकाच्या संमतीने त्यांच्यावर औषधाची चाचणी होते तेव्हा प्राणी घरीच राहतो आणि औषध लागू पडलं तर त्याचाही फायदा होतो. फरक एवढाच की कुत्री बहुधा झोपेत, पडल्या पडल्या गळते. बाईसारखी खोकताना नाही.

आता मोजमाप. या क्षेत्राचा रोजचा आकडा म्हणजे लीक पॉइंट प्रेशर: मूत्राशयात किती दाब झाला की लघवी गळते, तो आकडा. रूढ पद्धतीत पोट उघडून मूत्राशयाच्या वरच्या टोकात बारीक नळी बसवतात. भूल द्यायची, ताशी 5 मिलीच्या आसपास वेगाने सलाइन सोडायचं, मूत्राशय अर्ध्यावर आलं की बोटाने पोटावर हळूहळू दाब वाढवायचा, आणि मूत्रद्वाराशी पहिला थेंब दिसताक्षणी बोट उचलायचं. त्या क्षणाचा दाब टिपायचा, असं अनेकदा करून सरासरी घ्यायची. वाचायला सोपं वाटतं. पण ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे दाब मोजणाऱ्या यंत्राच्या, नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दाबाचं शिखर बोथट होतं. ट्रान्सड्यूसर मूत्राशयाच्या पातळीत नसेल तर सगळे आकडे एकाच दिशेने सरकतात. बोट उचलल्यावरही दाब उतरला नाही, तर ती गळती नव्हे, मूत्राशयाचं आकुंचन आहे. ते माप बाद. भूल कुठली यावरही बरंच अवलंबून. आयसोफ्लुरेनने लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया दबते. युरेथेनमध्ये ती शाबूत राहते, पण ते कर्करोगकारक आहे आणि दिल्यावर प्राण्याला पुन्हा जागं करत नाहीत.

म्हणजे युरेथेन देऊन मोजलं की प्राणी संपला. आता हिशेब कर. इजा केलेला आणि न केलेला असे 2 गट, 5 वेळा मोजायचं, दर वेळी प्रत्येक गटात 8 नव्या रॅट: एकूण 80. तेच माप प्राणी जिवंत ठेवून पुन्हा पुन्हा घेता आलं तर 16 रॅटमध्ये भागतं, आणि प्रत्येक रॅटची तुलना तिच्याशीच होत असल्यामुळे आकडेही घट्ट बसतात. तू शोधत असलेलं कमी आक्रमक मॉडेल प्रत्यक्षात इथे घडतं.

एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस. पोट न उघडता मूत्रद्वारातूनच बारीक नळी घालता येते, पण ती नळी नेमक्या त्याच मार्गात बसते ज्याची गळती मोजायची आहे. आकडा बदलतो, आणि वारंवार घातली तर मार्ग खरचटतो, सुजतो. शिवाय 1959 मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणं, संख्या घटवणं आणि त्रास घटवणं यांपैकी, शेवटची दोन इथे एकमेकांशी भांडतात. 80 चे 16 केले, पण त्या 16 जणींना 5 वेळा भूल. एथिक्स कमिटी नेमकं हेच विचारते. उत्तरात वजन, चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी आणि दोन मापांमधलं अंतर लेखी दाखवावं लागतं.

अजिबात न टोचता मोजायचं तर व्हॉइड स्पॉट चाचणी आहे. पिंजऱ्याच्या तळाशी फिल्टर पेपर, त्यावर 4 तास एक माउस, मग अतिनील प्रकाशात फोटो. लघवीचे डाग चमकतात आणि क्षेत्रफळावरून आकारमान निघतं. पाण्याची बाटली लावून ठेवली तर तिचे थेंब लघवीत मिसळून घोटाळा करतात. माइस कागद कुरतडतात, डागावर डाग पडतात, ओली शेपटी रेघा ओढते. नव्या पिंजऱ्यात बिचकलेला प्राणी वेगळ्याच पद्धतीने मुततो, म्हणून आधी काही दिवस सवय आणि रोज तीच वेळ. मोठी मर्यादा पुढेच आहे: नर खुणा करायला बारीक थेंब टाकतात, आणि मादीच्याही छोट्या डागावरून ती गळती होती की थोडीशी लघवी, ते कागद सांगत नाही. ज्याला हे दोन वेगळे करता येतील, मग कॅमेऱ्याने, पिंजऱ्याखालच्या तराजूने किंवा आणखी कशाने, त्याच्यापुढे अख्ख्या पीएच.डी.चा विषय आहे.

शस्त्रक्रिया नको हे चालेल. प्राणी हातात धरायलाच नको असेल, तर हा विषय सोड. ऊतींच्या पट्ट्यांवर किंवा पेशींवर काम करणारी प्रयोगशाळा शोध, तेही चांगलं काम आहे. धरता येत असेल तर एम.एस्सी.नंतर थेट पीएच.डी. न घेता वर्षभर प्रीक्लिनिकल कंपनीत, म्हणजे औषधं माणसांआधी प्राण्यांवर तपासणाऱ्या कंपनीत, किंवा विद्यापीठाच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये तंत्रज्ञ म्हणून राहा, असं मी सुचवेन. पकडणं, भूल देणं, भुलेतून बाहेर आणणं, 4-5 दिवसांच्या ऋतुचक्राचा टप्पा योनीतून घेतलेल्या पेशींच्या स्मिअरवरून ओळखणं, हे पुस्तकातून येत नाही. सोबत दोन गोष्टी शिक: दाबाच्या सिग्नलवर प्रोग्रॅम लिहून काम करणं, आणि पुनरावृत्त मापांची संख्याशास्त्रीय पद्धत. बायोमेडिकल इंजिनीअरला रॅट धरता येत नाही आणि पशुवैद्याला सिग्नल कळत नाही. दोन्ही येणारं माणूस क्वचित मिळतं. एक सांगायचं राहत होतं: रॅट आणि माइसच्या लघवीतल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी होते, तिचा पुढे दमाही होतो. या कामात तर दिवसभर लघवीच. मास्क पहिल्या दिवसापासून.

सुरुवात प्राण्याशिवाय होते. पिपेटने 5, 10, 50, 100, 200 मायक्रोलिटरचे थेंब फिल्टर पेपरवर टाक, प्रत्येकी 10 वेळा. फोटो काढ, इमेज-जे या फोटोवरून मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ मोज, आलेख काढ. मग डाग एकमेकांवर पाडून बघ आणि चूक किती टक्क्यांनी वाढते ते लिही. अर्जासोबत हा एक पानाचा आलेख जोडलास तर मुलाखतीत बोलायला मुद्दा मिळेल. तिथे तूही एक प्रश्न विचार: मागच्या अभ्यासात लीक पॉइंटची किती मापं बाद केली, कुठल्या नियमाने, आणि बाद करणाऱ्याला गट माहीत होता का? त्याची वही काढून दाखवणारी प्रयोगशाळा निवड, तिचं नाव लहान असलं तरी.